कृष्णद्रव्यासाठी सापळा कशाचा करायचा?

विश्वातलं सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसतच नाही. हे कृष्णद्रव्य पकडायला वर्षानुवर्षं द्रवरूप झेनॉनच्या (हा एक जड वायू) टाक्या भरल्या गेल्या. कृष्णद्रव्याचा कण जड असेल, तर तो जड अणुकेंद्रकाला जाणवण्याजोगा धक्का देईल, असा हिशेब होता.

पण कण प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाइतकाच असला तर? मग वरवंट्यावर मोहरी फेकल्यासारखं होतं. सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या अशा कणाजवळ जेमतेम ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) ऊर्जा असते आणि झेनॉनच्या केंद्रकाला त्यातला हजारावा भागही मिळत नाही.

म्हणून नेम आता इलेक्ट्रॉनवर. (गंमत म्हणजे या टकरीत जास्त वेगवान बहुधा इलेक्ट्रॉनच असतो!) झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे आपला कण रिकाम्या हाताने परत. सिलिकॉनच्या स्फटिकात मात्र १.१ पुरतात, जर्मेनियममध्ये ०.७ च्या आसपास. अतिसंवाहक, म्हणजे अतिथंड होऊन वीज विनारोध वाहू देणाऱ्या, अॅल्युमिनियममध्ये तर याच्याही हजारो पट कमी.

मग सरळ अॅल्युमिनियमच का नको? कारण इलेक्ट्रॉन एकेकटे नसतात. एकाला धक्का बसू लागला की आजूबाजूचे सरकून तो झाकून टाकतात, आणि धातूत ही झाकाझाक सर्वांत जोरात. ही झाकाझाक किती, म्हणजेच पदार्थ विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देतो, हे प्रयोगशाळेत पूर्वीपासून मोजलं जातं. त्याच आकड्यांवरून कृष्णद्रव्याच्या किती टकरी होतील याचाही हिशेब करता येतो, हे २०२१ च्या सुमारास नीट मांडलं गेलं. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सुटलेला एक इलेक्ट्रॉन मोजायचा कसा? कृष्णद्रव्य शोधणाऱ्या सेन्सेई प्रयोगातली सिलिकॉनची चिप कॅमेऱ्यातल्या सीसीडीची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचीच, बहीण. फरक एवढाच, की ती एकाच पिक्सेलमधला विद्युतभार न सांडता पुन्हा पुन्हा मोजते. एका मोजणीत दोन इलेक्ट्रॉनांची चूक होत असेल, तर ४०० मोजण्यांच्या सरासरीत ती ०.१ वर येते. चिप थंड ठेवतात आणि कॅनडात स्नोलॅब या खाणीतल्या प्रयोगशाळेत, जमिनीखाली २ किलोमीटरवर, बसवतात.

तरीही नको ते संकेत येतातच. एका वेगळ्या प्रयोगात सिलिकॉनचा स्फटिक डिंकासारख्या पदार्थाने चिकटवला आणि तसाच दुसरा बारीक तारांवर टांगला, तेव्हा चिकटवलेल्यात कंपनांचे किती तरी जास्त झटके नोंदले गेले. पृथ्वीबाहेरून काहीच आलेलं नव्हतं. ताणलेला स्फटिकच कुरकुरत होता.