माहूरला जाऊन आलेलं टेबल, बसमधला मणका आणि तुमची कंबर

राम राम मंडळी. हे पत्रक आमच्या सेंटरवर येणाऱ्या, येऊन गेलेल्या आणि "ताई, सोंगणी झाली की येतो" म्हणून अजून न आलेल्या सगळ्यांसाठी. दारव्हा-दिग्रस रोडवरचं आपलं लहानसं सेंटर तुम्हाला माहीतच आहे, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज असते आणि महिन्यातून दोन मंगळवारी नागपूरहून आमच्या कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्याचे आणि सांध्यांचे हातानं उपचार करणाऱ्या मॅडम येतात. यावेळी प्रवासाच्या गोष्टी जास्त झाल्या म्हणून त्याच सांगते, त्यातच कामाची माहिती पण येते.

पहिले टेबल, कारण अर्ध्या गावानं विचारलं की ते कुठं गेलं होतं. आर्णीला शिबिर होतं, आमचं फोल्डिंगचं टेबल, तेच ज्याला पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला भोक आहे, ते काळीपिवळीच्या कॅरिअरवर बांधलं. आर्णीच्या चौकात मी आणि मॅडम उतरलो, पिशव्या उतरवल्या, पाण्याची कॅन उतरवली, पैसे दिले, गाडी धनोड्याकडे निघून गेली आणि मग दोघींच्याही लक्षात आलं की टेबल वरच राहिलं. शिबिर सुरू व्हायला वीस मिनिटं. शेवटी समाज मंदिरातले दोन बाक जोडले, त्यावर सतरंजी टाकली आणि काम सुरू केलं, आणि खरं सांगते कोणाचं काही अडलं नाही. कारण पहिल्या भेटीत निम्मा वेळ तर विचारण्यातच जातो, कधीपासून दुखते, रात्री झोपमोड होते का, पायात मुंग्या येतात का, मग वाकायला लावून पाहणं, टाचेवर चालवणं, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहणं, गुडघ्यावर हातोडी मारणं. एवढं न करता जो कोणी थेट कंबरेला हात घालेल त्याच्याकडून उठून या, मग तो आमच्यापैकी का असेना.

संध्याकाळी ड्रायव्हरभाऊचा फोन, "ताई, तुमचं टेबल माहूरले सुखरूप हाय, काही चिंता करू नका जी." त्यानं ते रेणुकामातेच्या पायथ्याशी एका विडा विकणाऱ्या मावशीच्या दुकानात ठेवलं होतं, मावशींना वाटलं प्रसादाची पानं मांडायला आणलंय म्हणून त्यांनी ते उघडून त्यावर ओलं कापड टाकून दिवसभर पानं मांडली. दुसऱ्या दिवशी टेबल परत आलं, पुसून, घडी करून, वर दोन विड्यांची पुडी बांधून. त्या मावशींना आम्ही कळवलंय की दर्शनाला आलो की भेटून जाऊ, त्यांची मान पण दुखते म्हणे.

दुसरी गोष्ट बसमधली. नागपूरहून मणक्याचं मॉडेल आणलं, प्लास्टिकचं, मानेपासून माकडहाडापर्यंत अख्खं, पिशवीत मावेना म्हणून वरचा भाग बाहेर. कळंबला एक आजी चढल्या, शेजारी बसल्या, पिशवीकडे पाहिलं आणि उठून उभ्याच राहिल्या. "माय वो, हे कोनाचं हाय?" मागच्या सीटवरचे दोघं पण सरकले. मी म्हटलं आजी, हे कोणाचंच नाही, प्लास्टिक आहे, हात लावून पाहा. कंडक्टरभाऊंनी पहिले हात लावला, मग आजींनी, आणि मग यवतमाळ येईपर्यंत आमच्या सीटवर शाळाच भरली. मानेत ७ मणके, पाठीत १२, कंबरेत ५, त्याच्या खाली एकमेकाला चिकटून गेलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४, असे मोजले की ३३ होतात. जिराफाच्या मानेत पण ७च असतात हे सांगितल्यावर एका पोरानं मला तीनदा विचारलं, खरंच का.

तिथंच एका दादांनी तो प्रश्न केला जो आमच्याकडे रोज येतो. "माह्या बापाच्या मणक्यात गॅप आली, चौथ्या पाचव्यात, आता ते कसी भरन?" गॅप हा शब्द आपल्याकडे एवढा चाललाय की ऐकणाऱ्याला वाटतं मणके एकमेकापासून सुटले आणि मधात फट पडली. तसं नसतं हो. दोन मणक्यांच्या मधात गादी असते, वयानुसार तिच्यातलं पाणी कमी होतं, ती बारीक होते आणि मणक्यांमधली जागा उलट कमी होते. आणि पन्नाशीच्या पुढं ज्यांचं काहीच दुखत नाही अशा बऱ्याच लोकांच्या एमआरआयमध्ये पण हेच दिसतं. म्हणून रिपोर्टात लिहिलं म्हणजे बापाचं वावरात जाणं बंद, असं करू नका. गादीला स्वतःचं रक्त फारसं पोचत नाही, हालचाल झाली, दाब कमीजास्त झाला की तिला पोषण मिळतं, म्हणून चालणं हेच तिचं जेवण.

आता शेगावची. आपल्या गावचा एक पोरगा दर्शनाला गेला, येताना गाडीत सगळ्यात मागच्या सीटवर बसला, खड्डा आला, हा वर उडाला आणि खाली बसताना कंबरेत उसण भरली. घरी आल्यावर घरच्यांनी पायाळू काकाला बोलावलं, त्यांनी पाठीला पाय लावला, चौथ्या दिवशी पोरगा ठीक. आता सगळे म्हणतात पायाळूनं ठीक केलं. आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली रीत आहे, तिचा मान ठेवूनच सांगते, साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते. पण साठीच्या पुढच्या बऱ्याच बायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, तिथं लाथ सोडा, जोरात दाबल्यानं पण मणका पिचकू शकतो. आणि दुसरं, बाजाराच्या दिवशी सलूनमध्ये दाढी झाली की मान कट्कन मोडून देतात, ते नका करू, हात जोडून सांगते. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा जातात, झटक्यानं त्यातली एखादी आतून फाटू शकते, असं क्वचितच होतं पण झालं तर अर्धांगवायू. आमच्या मॅडम पण मानेला हात लावायच्या आधी बीपी पाहतात, चक्कर, डोकेदुखी, दोन दोन दिसणं हे सगळं विचारतात, आणि शंका आली तर मान फिरवतच नाहीत.

तो कट्कन आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं असं नाही बरं का. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा एकदम ओढला गेला की त्यात वायूची पोकळी तयार होते, तोच आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट ओढतानाच एमआरआय काढून हे प्रत्यक्ष पाहिलं, आणि ज्याची बोटं ओढली तो स्वतः एक कायरोप्रॅक्टर होता. अमेरिकेत डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरनं तर साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजव्या हाताची नाही, कारण लहानपणी आई म्हणायची बोटं मोडू नको, संधिवात होईल. दोन्ही हात सारखेच राहिले, त्याबद्दल २००९ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस मिळालं. म्हणून आवाज आला नाही तर पैसे वाया गेले असं समजू नका.

ही कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मॅडमची विद्या आली कुठून हे पण काही जण विचारतात. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली, आधी त्यांचं किराणा आणि मासळीचं दुकान होतं. नाव ग्रीक शब्दांवरून, म्हणजे हातानं केलेलं काम. पामर यांनी सांगितलं होतं की पाठीचा मणका दाबल्यावर हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराला ऐकू यायला लागलं, पण आम्ही कोणाचा कान, साखर किंवा बीपी ठीक करून देऊ असं कधीच म्हणणार नाही. आमचं काम कंबर, पाठ, मान आणि सांधे. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायाम, माहिती देणं, मसाज आणि मणक्याचे हातानं करायचे उपचार आहेत, आणि कंबरपट्टा व ट्रॅक्शन, म्हणजे मणका ओढून ताणणं, हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं म्हटलंय. २०२० मध्ये जगात जवळपास ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा तुम्ही काही एकटे नाही.

प्रवासाचं थोडं. बसमध्ये चाकांच्या मधातली सीट पकडा, मागची नको. कंबरेमागं दुपट्ट्याची गुंडाळी ठेवा, मागच्या खिशातलं पाकीट काढा. समृद्धीवर नागपूरहून गाडी काढली की सपाट रस्त्यानं माणूस तीन तीन तास उठतच नाही, तासाभरानं थांबून दोन मिनिटं फिरा. उतरल्या उतरल्या धान्याचा कट्टा किंवा सिलेंडर उचलू नका, पहिले थोडं चाला मग उचला. सकाळी उठल्यावर पण अर्धा-एक तास वाकून वजन उचलणं टाळा, रात्रभरात गाद्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात, तेव्हा त्यांच्यावर ताण जास्त येतो.

आणि हे झालं तर आमच्याकडे न येता सरळ दवाखान्यात: लघवी-संडासवर ताबा न राहणं, दोन्ही जांघांच्या मधात बधिरपणा, पायातली ताकद जाणं, ताप आणि कंबर सोबत, पडल्यानंतरचं जोराचं दुखणं, कारण नसताना वजन उतरणं. रात्रीची वेळ असली तरी थांबू नका, १०८ लावा.

१६ ऑक्टोबर हा जागतिक मणका दिवस, त्यादिवशी सोंगणी चालू राहील म्हणून तपासणी दुपारी ४ नंतर ठेवलीय, पैसे नाहीत. जुने एक्सरे, रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, कपडे ढिले घाला. मणक्याचं मॉडेल टेबलवरच राहील, लेकरांना मोजायला आणा.