घरगुती हॅम केंद्र

हौशी रेडिओचा परवाना असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या घरात उभारलेले, स्वतःच चालवलेले आणि बहुधा स्वतःच दुरुस्त केलेले प्रक्षेपण-ग्रहण केंद्र. हौशी रेडिओला बोलीत हॅम रेडिओ म्हणतात. केंद्राची जागा माळ्यावर असो की जिन्याखाली, तिला ‘शॅक’ म्हणण्याची पद्धत आहे. व्यापारी निरोप, करमणुकीचे प्रसारण आणि अर्थ लपवणारी गुप्त लिपी या सेवेत चालत नाही. स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध हे तिचे हेतू आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीतच लिहिलेले आहेत. म्हणूनच अनेक देशांत परवानाधारकाला स्वतः डाखून (सोल्डर करून) जोडलेला ट्रान्समीटर वापरता येतो. इतर सेवांना ही मोकळीक सहसा नसते. मात्र परीक्षा देऊन परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे केंद्राची ओळखखूण, हाती येईपर्यंत प्रक्षेपणाचे बटण दाबायचे नाही.

नवखा माणूस आधी कोणता संच घ्यावा ते विचारतो. मुरलेला हॅम अँटेनेची तार किती उंच नेता येईल ते विचारतो. यामागे साधे गणित आहे. ग्राहकावरच्या (रिसीव्हरवरच्या), संकेताचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरची एक पायरी ६ डेसिबेलची, म्हणजे शक्तीच्या चौपटीची धरतात. १०० वॉटचा संच ५ वॉटवर आणला, तर दूरच्या माणसाच्या मीटरवरचा काटा दोन पायऱ्यांहून थोडासाच जास्त उतरतो. उलट १०० वॉटांवरून एक पायरी वर चढायची, तर ४०० वॉट लागतात, आणि त्या ४०० वॉटांमुळे आपल्याला ऐकू काडीचेही जास्त येत नाही. चांगली अँटेना मात्र बोलताना आणि ऐकताना, दोन्ही वेळा कामी येते.

इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेतील १९१२च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड तरंगलांबीत ढकलले. त्या काळी त्या लहरी दूरच्या संपर्काला निरुपयोगी समजल्या जात. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसला आणि २३० मीटरच्या आसपास त्याला अटलांटिकपलीकडची हौशी केंद्रे ऐकू आली. त्याचा ग्राहक चांगला होताच, पण त्याला जोडलेली होती जमिनीलगत लांबवर ताणलेली बेव्हरेज पद्धतीची तार. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण केले, आणि ‘निरुपयोगी’ लहरींकडे सगळ्यांचेच लक्ष गेले.

संच व वीजपुरवठा : आजचा ट्रान्सीव्हर म्हणजे ग्राहक आणि ट्रान्समीटर एकाच पेटीत. तो सहसा १३.८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतो. १०० वॉट बाहेर सोडताना तो २० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतो, आणि इथेच पहिली हौशी चूक होते. १ चौ. मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेने दोन मीटरवरून जोडणी केली, तर जाऊन-येऊन चार मीटर तारेत जवळजवळ दीड व्होल्ट गळतो. बोलू लागताच संचाचा दिवा मंद होतो, आवाज फाटतो आणि दोष संचावर येतो. म्हणून तार जाड व आखूड ठेवावी आणि फ्यूज पुरवठ्याच्या टोकाला बसवावा.

हाताने काही जोडायचे असेल, तर कमी शक्तीचा, म्हणजे ‘क्यूआरपी’ संच बरा. अशर फरहान यांनी आखलेला बिटएक्स हा त्यातला नावाजलेला. त्यातील वर्धक दोन्ही दिशांनी काम करतात; ऐकताना जे टप्पे वापरले तेच बोलताना उलट्या दिशेने. त्यामुळे भाग बरेच कमी लागतात. नव्याने जोडलेला ट्रान्समीटर आधी डमी लोडवर, म्हणजे शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या ५० ओहमच्या रोधावर तपासतात. तो थेट अँटेनेला लावला आणि त्यातून भलत्याच कंप्रता बाहेर पडल्या, तर त्रास दुसऱ्यांना होतो.

अँटेना : सर्वांत सोपी आणि तरीही मान खाली घालायला न लावणारी अँटेना म्हणजे अर्धतरंग डायपोल : मधोमध तोडलेली तार, तोडल्या जागी फीडर (संचाकडे जाणारी केबल), टोकांना अवरोधक आणि दोरी. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या कंप्रतेने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २०.१ मीटर, म्हणजे दर बाजूला १० मीटरहून थोडी जास्त भरते. पण सूत्राला भिंत, झाड, गच्चीचा पत्रा आणि तारेवरचे प्लॅस्टिक माहीत नसते. म्हणून तार मुद्दाम लांब ठेवायची. समजा, दोन्ही बाजू १०.४० मीटर ठेवून तार चढवली आणि अँटेना तपासणाऱ्या अ‍ॅनालायझरवर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (स्थिरतरंग गुणोत्तर; अँटेनेकडून किती शक्ती परतते याचे माप) ६.८८ मेगाहर्ट्झला दिसला. हवी ती लांबी १०.४० × ६.८८ ÷ ७.१०, म्हणजे १०.०८ मीटर, दर बाजूला ३२ सेंमी जादा. इथे पक्कड उचलायची नाही. आधी २५ सेंमी टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट पिळायचे, पुन्हा वर चढवून मोजायचे, मग उरलेले दुमडायचे. कापलेली तार पुन्हा जोडता येते, पण तो सांधा पहिल्या वाऱ्यापावसात त्रास देणार हे धरून चालावे.

उंची अर्ध्या तरंगलांबीची असावी असे म्हणतात. ४० मीटर पट्ट्यात ती २० मीटर होते आणि फारच थोड्या घरांना परवडते. पाच-सात मीटरवरचा डायपोल बहुतेक शक्ती सरळ वर फेकतो. ती आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परतून काही शे किलोमीटरच्या परिसरात पडते, म्हणजे जवळच्या गप्पांना उत्तम आणि खंडापलीकडच्या संपर्काला कमजोर. वीजवाहिन्यांच्या जवळपास मात्र तार, खांब, शिडी काहीच नको, मग जागा कितीही सोयीची असो.

एसडब्ल्यूआर या आकड्याचे स्तोम फार. २:१ वर सुमारे ११ टक्के आणि ३:१ वर २५ टक्के शक्ती अँटेनेकडून परत फिरते. बरेच संच मग स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती घटवतात. पण आकडा चांगला म्हणजे अँटेना चांगली असे नव्हे. डमी लोडही १:१ दाखवतो आणि त्यातून काहीच प्रक्षेपित होत नाही. पाणी शिरलेली जुनी कोअ‍ॅक्स केबल (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली) तर परतणारी शक्ती वाटेतच गिळून मीटरवर छान आकडा दाखवते. आरजी-५८ सारखी बारीक केबल ७ मेगाहर्ट्झवर खपून जाते. १४५ मेगाहर्ट्झवर मात्र ३० मीटर लांबीत शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पलीकडे पोहोचतो.

नव्या केंद्रातले निम्मे बिघाड केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ प्लगमध्ये सापडतात. केबलची जाळी प्लगच्या छिद्रांतून डाखायची असते, आणि प्लगचे ते धातूचे जाड अंग डाखायच्या इस्त्रीची (सोल्डरिंग आयर्नची) उष्णता शोषून घेते. लहान इस्त्री बराच वेळ टेकवून ठेवली, की डाख वितळायच्या आधी आतले पांढरे पॉलिथिन मऊ होते, मधली तार सरकून जाळीला टेकते. मोठी, तापलेली इस्त्री आणि काही सेकंदांचे काम, हा त्यावर उपाय. प्लग गार झाला की मल्टीमीटरने मधली पिन व अंग यांत शॉर्ट नाही ना ते बघावे, मगच तार वर न्यावी.

अर्थिंग तीन कामांसाठी लागते : विजेच्या धक्क्यापासून बचाव, वीज कोसळण्यापासून बचाव आणि रेडिओ प्रवाहाला वाट. तिन्हींचे भूदंड वेगवेगळे असले तरी आपसांत जोडलेले हवेत. वादळात फीडर काढून खोलीबाहेर ठेवणे हा जुनाच, पण भरवशाचा उपाय.

गोंगाट : अलीकडे घरगुती केंद्राची खरी डोकेदुखी प्रक्षेपणाची नसून ऐकण्याची आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर इन्व्हर्टर यांतील स्विचिंग मंडले लघुलहरींत अखंड खरखर ओततात. २०१७ पासूनची एफटी८ ही संगणकीय पद्धत १५ सेकंदांच्या ठरलेल्या खेपांत, कानाला अजिबात न जाणवणारे संकेतही वाचते म्हणून तिचा बोलबाला झाला; पण गोंगाट फारच वाढला की तिचेही काही चालत नाही. शोधाची रीत सोपी आहे. संच बॅटरीवर चालवायचा, घराचा मुख्य स्विच बंद करायचा आणि एस-मीटर बघायचा. काटा खाली बसला तर चोर घरातलाच. मग एकेक मंडल चालू करत जायचे आणि काटा उसळला तिथे थांबायचे. दोषी वस्तूची वायर फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून आठ-दहा वेढे देऊन घेतली की बहुधा खरखर उतरते. काटा कशानेच उसळला नाही, तर बॅटरी काढून संच पुन्हा नेहमीच्या पुरवठ्यावर लावून बघावा. कित्येकदा चोर तोच निघतो, टेबलावर, संचाला टेकूनच ठेवलेला.