मॉन्टेरे काउंटीचे चार अब्ज डॉलर हा शेतकऱ्यांचा नफा नव्हे

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरे काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) वार्षिक पीक अहवाल आला की ‘शेतकऱ्यांनी चार अब्ज डॉलरहून अधिक कमावले’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज साफ चुकीचा आहे. राज्याच्या अन्न व कृषी संहितेच्या कलम २२७९ प्रमाणे काउंटीचे कृषी आयुक्त क्षेत्र, उत्पादन आणि मूल्य नोंदवतात. हे मूल्य म्हणजे उत्पादन गुणिले भाव. मजुरी, पाणी, खत, जमिनीचे भाडे, पॅकिंग यांपैकी काहीही त्यातून वजा केलेले नसते. इथल्या स्ट्रॉबेरीची तोडणी तर हातानेच होते, त्यामुळे मजुरीचाच वाटा मोठा.

मूल्य वाढले म्हणजे पीक चांगले आले, हेही खरे नाही. समजा, १,००० पेट्या २० डॉलरने विकल्या, तर २०,००० डॉलर. पुढच्या वर्षी रोगाने ९०० पेट्याच निघाल्या, पण भाव २५ झाला, तर २२,५०० डॉलर. माल घटला, आकडा मात्र फुगला!

क्षेत्राचा आकडाही जपून वाचावा. याच काउंटीतील सलिनास खोऱ्यात एकाच रानात वर्षातून दोनदा लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) घेतले, तर कापणीचे क्षेत्र दोनदा मोजले जाते.