स्थूल मुलांमधील कोलेस्टेरॉल आणि आहारपद्धती

स्थूल मुलांच्या रक्तातील मेद सुधारण्यासाठी मुख्यतः तीन आहारपद्धतींची तुलना केली जाते: स्निग्धांश कमी करणारी, साखर व पिष्टमय पदार्थ कमी करणारी, आणि कडधान्ये, भाज्या, मासे व वनस्पती तेलांवर भर देणारी भूमध्यसागरी पद्धत. वजन घटण्याच्या दृष्टीने त्यांत फारसा फरक आढळत नाही. फरक पडतो तो रक्ततपासणीच्या अहवालातील नेमक्या कोणत्या आकड्यावर परिणाम होतो, यात.

स्थूलतेत बहुधा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारचा मेद) वाढलेले, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटलेले आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) किंचितच चढलेले असते. अमेरिकेतील २०११च्या मार्गदर्शक निकषांनुसार १० ते १९ वर्षे वयात ट्रायग्लिसराइड १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास जास्त आणि एचडीएल ४०पेक्षा कमी असल्यास कमी मानले जाते. एलडीएलची उच्च पातळी १३०पासून सुरू होते. संपृक्त मेद (तूप, लोणी, वनस्पती तूप यांतील घट्ट होणारा मेद) एकूण उष्मांकांच्या ७ टक्क्यांपर्यंत आणल्यास एलडीएल उतरते. ट्रायग्लिसराइड मात्र साखर, सरबते, फळांचे रस, मैदा आणि पांढऱ्या भाताचे प्रमाण घटवल्यावर अधिक ठळकपणे कमी होते.

म्हणूनच ठाणे-नवी मुंबईतील अनेक घरांत सर्रास योजला जाणारा ‘तेलकट बंद’ हा उपाय अपुरा पडतो. वडापाव थांबतो, पण शिकवणीला जाण्यापूर्वीच्या गोड चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे येतात. खारी हाताला कोरडी लागली, तरी तिचे पदर वनस्पती तूप किंवा तत्सम घट्ट मेदामुळेच सुटतात. जानेवारी २०२२पासून भारतात खाद्यतेले, स्निग्ध पदार्थ व त्यांपासून बनवलेल्या अन्नातील ट्रान्स मेदावर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक मेदावर) २ टक्क्यांची मर्यादा आहे. संपृक्त मेद आणि मैदा मात्र तसेच राहतात.

भूमध्यसागरी आहारासाठी परदेशी जिन्नस आणण्याची मुळीच गरज नाही, हे आवर्जून सांगायला हवे. नवी मुंबईतील दिवाळे गावासारख्या कोळीवाड्यांत मिळणारे बांगडे व तारली ओमेगा-३ मेदाम्लांनी समृद्ध असतात. ते तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजून किंवा चिंच-कोकमाच्या कालवणात घालून द्यावेत. ओल्या नारळातील मेद मुख्यतः संपृक्त असल्याने वाटणात खोबरे बेताचेच असावे. शाकाहारी घरात मटकीची उसळ, ज्वारी-नाचणीची भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि शेंगदाणा किंवा करडईचे तेल यांतून हाच आहार साधतो.

वाढत्या वयात उपासमार किंवा अतिकठोर कीटो आहार (पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य करणारा) वैद्यकीय देखरेखीशिवाय देऊ नये. लहान मुलात वजन स्थिर राहून उंची वाढणे, हेही यशच असते. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असल्यास आनुवंशिक कारणाचा संशय घ्यावा लागतो आणि सहा महिन्यांच्या आहारोपचारानंतरही ते न उतरल्यास साधारण दहाव्या वर्षापासून स्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या औषधाचा विचार केला जातो.