पुस्तकबांधणी: पाटी बापलेकांची, शिलाई बायकांची

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात नवं पुस्तक बहुतेकदा सुट्या फर्म्यांत (फर्मा म्हणजे घड्या घालून पुस्तकाची पानं होणारा छापील मोठा कागद) किंवा तात्पुरत्या पुठ्ठ्यात मिळायचं. पक्की बांधणी ज्याने त्याने आपल्या पसंतीने करून घ्यायची. त्यामुळे बाइंडरकडे काम यायचं ते सुट्या प्रतींचं. त्याला कारखाना लागत नाही. एक खोली, पुस्तकं दाबायला प्रेस, शिलाईची चौकट, खळ, सरस आणि घरातलीच माणसं, एवढं पुरतं. बांधणीचा धंदा घरात रुजला तो असा.

कामाची वाटणीही ठरलेली होती. फर्म्यांना घड्या घालून ते शिवायचं काम बायका-मुलींचं. पाठ गोल करणं, पुठ्ठा-कातडं चढवणं, सोनेरी अक्षरं उठवणं पुरुषांचं. शिलाई हा बांधणीचा जीव. ती सैल पडली की वरचं सगळं सोनं फुकट. तरीही पाटीवर नाव लागायचं बापलेकांचंच. रॉबर्ट रिव्हिएर यांनी १८२९ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावात लहानसं काम सुरू केलं आणि १८४० मध्ये ते लंडनला गेले. १८८० मध्ये नातू भागीदार झाला आणि पेढी ‘रिव्हिएर अँड सन’ झाली. हा ‘सन’ म्हणजे त्यांच्या मुलीचा मुलगा. त्याने आजोबांचं आडनाव लावलं. पेढी लेकीच्या वंशाकडे गेली, पाटीवर मात्र ते कुठेच दिसत नाही. मला ही गोष्ट फार लागते.

सोन्याचं काम घराण्यात टिकायचं, त्यालाही कारण आहे. पितळी ठसा तापवायचा, ओल्या स्पंजावर टेकवायचा आणि चुरचुर ऐकायची. आवाज जोराचा आला तर थोडं थांबायचं. कातड्याला अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिलेला असतो, त्यावर सोन्याचा वर्ख. ठसा जास्त तापला तर कातडं करपतं, कमी तापला तर वर्ख धरत नाही. हे वहीत लिहून देता येत नाही. लहानपणापासून शेजारी उभं राहून ज्याने तो आवाज ऐकला, त्याच्या कानात तो बसतो.

१८२०च्या दशकात इंग्लंडमधले प्रकाशक पुस्तकं कापडी बांधणीतच विकायला लागले आणि गिऱ्हाइकाची बाइंडरकडची फेरी कमी होत गेली. १८६८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्माइथ यांनी पुस्तकं शिवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणजे पाळी आली ती बायकांच्या कामावर. पुढे परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांचा कणा कापून पानं नुसती चिकटवायला लागले, तिथे दोराही गेला. छोट्या घरांकडे उरलं ते जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि एकेका प्रतीचं काम.

१९३९ मध्ये रिव्हिएर पेढी जॉर्ज बेंटन यांच्या पेढीने घेतली. तीही एका घराचीच, १८९४ मध्ये सुरू झालेली, आणि तीही बाथचीच.