चुकली ती ओळ कोणती? जावातल्या यादी-तपासणीची पार्श्वभूमी

खरेदीच्या फॉर्ममध्ये चाळीस ओळी आहेत आणि तिसऱ्या ओळीत नग 'उणे दोन' पडलेत. 'फॉर्ममध्ये चूक आहे' एवढंच सांगणारं व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) इथे काही कामाचं नाही. हवा असतो नेमका पत्ता: 'आयटम्स[२].क्वांटिटी'. (मोजणी शून्यापासून, म्हणून तिसऱ्या ओळीला दोन. टेस्टरला हे दर प्रोजेक्टमध्ये नव्याने समजवावं लागतं.)

स्ट्रट्स हे जावाचं वेब-फ्रेमवर्क २००० साली सुरू झालं, तेव्हा फॉर्मच्या क्लासमध्ये 'व्हॅलिडेट' मेथड लिहून एकेका ओळीवरून आपणच फॉर-लूप फिरवायचा. पुढे कॉमन्स व्हॅलिडेटर या लायब्ररीमुळे नियम एक्सएमएल फाइलमध्ये गेले. तिथे 'इंडेक्स्ड-लिस्ट-प्रॉपर्टी' हा ॲट्रिब्यूट होता, म्हणजे यादीचा विचार तेव्हाच झाला होता. २००४मध्ये १.० आवृत्ती निघालेल्या स्प्रिंग या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये लूप पुन्हा आपल्याच गळ्यात. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला 'पुश-नेस्टेड-पाथ' (पत्त्याला ओळ जोडायची) आणि शेवटी 'पॉप' (ती काढायची). पॉप विसरलात की पुढचा पत्ता 'आयटम्स[०].आयटम्स[१]' असा लांबत जायचा.

नोव्हेंबर २००९मध्ये बीन व्हॅलिडेशन १.०, म्हणजे जेएसआर ३०३ (जावातल्या प्रमाणाचा प्रस्ताव-क्रमांक), पक्कं झालं. त्याची धुरा हायबरनेट प्रकल्पाच्या इमॅन्युएल बर्नार्ड यांच्याकडे होती. यादीवर '@व्हॅलिड' हे ॲनोटेशन (कोडवर लावायची खूणचिठ्ठी) लिहिलं की आतला प्रत्येक ऑब्जेक्ट तपासला जाऊ लागला आणि पत्ताही आपोआप मिळू लागला. लूप एकदाचा सुटला.

पण यादी साध्या स्ट्रिंग्जची, म्हणजे नुसत्या मजकुरांची, असेल तर? '@साइझ' लावलं तर ते यादीची लांबी मोजणार, आतल्या मजकुराची नाही. हायबरनेट व्हॅलिडेटर या त्या प्रमाणाच्या अंमलबजावणीतलं '@ईमेल' यादीवर लावलं, तर कोड बिनतक्रार कंपाइल व्हायचा आणि चालवताना 'एचव्ही०००३०' म्हणत कोसळायचा: या टाइपसाठी व्हॅलिडेटरच सापडत नाही. मग एका स्ट्रिंगसाठी 'ईमेल-ॲड्रेस' नावाचा वेगळा क्लास करायचा, त्यातल्या एकुलत्या एका फील्डवर ॲनोटेशन लावायचं आणि अशा क्लासची यादी करायची. असे क्लास मीही लिहिलेत, अभिमानाने नव्हे.

यात दोष स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांचा नव्हता. जावा ५मध्ये जेनेरिक्स (यादीत कोणत्या टाइपच्या वस्तू हे सांगायची सोय) आणि ॲनोटेशन्स एकाच वेळी आले, तरी दोघांची गाठ पडली नव्हती. ॲनोटेशन क्लास, फील्ड, मेथड, पॅरामीटर यांच्या घोषणेवरच बसायचं. 'लिस्ट<स्ट्रिंग>'मधल्या टोकदार कंसांच्या आत त्याला भाषेच्या व्याकरणातच जागा नव्हती. ती मार्च २०१४मध्ये जावा ८ने, जेएसआर ३०८मधून दिली. २०१५मध्ये हायबरनेट व्हॅलिडेटर ५.२ने ती वापरायला घेतली, आणि ऑगस्ट २०१७मध्ये गुन्नार मॉर्लिंग यांच्या नेतृत्वाखालच्या बीन व्हॅलिडेशन २.०ने त्यावर प्रमाणाचा शिक्का मारला. 'लिस्ट<@ईमेल स्ट्रिंग>' हे प्रमाणात बसलं ते तेव्हा. मॅपच्या किल्ल्या आणि किमती, 'ऑप्शनल'मधलं मूल्य, हेही त्याच दमात आलं.

वेबच्या थरात मात्र एक भोक उरलंच. क्लायंटने पाठवलेल्या जेसनची सगळी बॉडीच यादी असेल, तर स्प्रिंगच्या कंट्रोलरमध्ये (विनंत्या हाताळणाऱ्या क्लासमध्ये) पॅरामीटरवरचं '@व्हॅलिड' आतल्या वस्तूंपर्यंत पोचायचं नाही, कारण बाहेरची लिस्ट ही त्याच्या लेखी बीनच (फील्ड्स असलेला साधा ऑब्जेक्ट) नव्हे. उपाय म्हणून कंट्रोलरच्या क्लासवर '@व्हॅलिडेटेड' लावायचं. तपासणी व्हायची, पण अपवाद (एक्सेप्शन) वेगळाच उडायचा आणि तो पकडला नाही तर क्लायंटला ४०० (विनंती चुकली) याऐवजी ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) जायचं. चूक पाठवणाऱ्याची, बदनामी सर्व्हरची! नोव्हेंबर २०२३च्या स्प्रिंग ६.१ने मेथड-व्हॅलिडेशन एमव्हीसी या आपल्या वेब-भागामध्येच घेतलं, तेव्हा हे सुधारलं.

एक जुनी सवय अजून तशीच आहे: '@व्हॅलिड' यादीतले 'नल' (मूल्यच नसलेल्या जागा) मुकाट्याने ओलांडून जातं. कुणी '[नल, नल]' पाठवलं तर ते बिनबोभाट आत शिरतं. ते अडवायचं तर 'लिस्ट<@नॉटनल @व्हॅलिड आयटम>' असं लिहावं लागतं.