शिशु मानसिक आरोग्य

जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतचं बाळ आणि त्याला सांभाळणारी माणसं यांच्या मनाचा एकत्र विचार करणारं क्षेत्र. तान्ह्या बाळाला कसलं आलंय टेन्शन असं लोक पटकन म्हणतात, पण इथे उपचार एकट्या बाळावर नसतातच, ते बाळ आणि आई (किंवा रात्री उठून त्याला जे कोणी घेतं ते) यांच्या नात्यावर असतात. वयाची हद्द मात्र हलती आहे, या वयातल्या मानसिक अडचणी ओळखण्यासाठीचं 1994 चं निदान-वर्गीकरण तीन वर्षांपर्यंतच होतं, 2016 मध्ये ते पाचपर्यंत गेलं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण ती 1940 च्या दशकात मनोविश्लेषक रेने स्पिट्झपासून धरतात, त्यांनी संस्थेत वाढणारी बाळं पाहिली, खाणंपिणं स्वच्छता सगळं असूनही ती खंगत होती कारण त्यांचं असं कोणी नव्हतं. मग 1951 मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी याच विषयावर रिपोर्ट लिहिला. दुसरं मत मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांचं नाव घेतं, अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं काम उभं राहिलं आणि 'शिशु मानसिक आरोग्य' हे नावही बहुधा तिथूनच रूढ झालं. दुसरं मत जास्त पटतं, कारण आधीच्यांनी ताटातूट काय करते ते दाखवलं, फ्रायबर्गबाईंनी आईबापाजवळच असलेल्या बाळांकडे बघितलं.

फ्रायबर्ग यांच्या या पद्धतीची मुळं त्यांच्या अंध बाळांवरच्या कामात शोधावी लागतात. जन्मांध बाळ नजरेला नजर देत नाही, चेहराही फारसा बोलत नाही, त्यामुळे आईला वाटतं याला माझी ओळखच नाही आणि ती हळूहळू दूर जाते. फ्रायबर्ग म्हणाल्या चेहरा सोडा, हात बघा. बाळ बोटांनी शोधत असतं, धरत असतं, आणि हे एकदा दिसलं की आई परत बाळाशी बोलायला लागायची. पुढे त्यांची टीम घरी जाऊन स्वयंपाकघरात बसून हेच करायची. आईबापाचं स्वतःचं न बोललेलं बालपणीचं दुःख पाळण्यापाशी भुतासारखं येऊन बसतं, ही त्यांची 1975 च्या लेखातली मांडणी आजही या कामाचा पाया आहे.

बाळ नात्यातला बदल किती पटकन टिपतं हे दाखवणारा मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोगही याच दशकातला: खेळता खेळता आई दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते, बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलावतं आणि शेवटी मान फिरवतं.

आपल्या भागातला ठोस अभ्यास गोव्यातला, 2002 मध्ये मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी छापलेला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं, आणि उपासमार किंवा मारहाण असेल तिथे मुलगा झाला की मुलगी यानेही फरक पडत होता. पुढच्या वर्षीच्या लेखात अशा आयांच्या बाळांची वाढ मागे पडलेली दिसली. म्हणजे वजन भरत नाही म्हणून आलेल्या बाळाच्या आईकडेही बघायला हवं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन तपासण्यासाठी 1987 ची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली वापरतात, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आईला बाळासकट भरती करायची सोय आहे.

सव्वा महिना, माहेर, मालिश, शेक यातून बाळंतिणीला माणसांची सोबत मिळते, पण तिला काय वाटतंय हे विचारायची रीत त्यात नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून आलेल्या नवजात-काळजी योजनेत आशाताई 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, बाळाचं वजन, ताप बघतात. झोप लागते का, रडू येतं का, हे आईला त्याच भेटीत विचारता येण्यासारखं आहे.